चिंच होती तिथून डावीकडे

हा इसम तुमच्याही ओळखीत आहेच. तो पत्ता सांगतो आणि त्या पत्त्यातली एकही वस्तू पृथ्वीतलावर शिल्लक नसते. "पेट्रोल पंपावरून वळा," असं सांगणारी साधी माणसं वेगळी. हा म्हणतो, "आधी राकेलचा डेपो होता ना, तिथून वळजो." डेपो कधी होता? तुम्ही पाळण्यात होता तेव्हा. आता तिथं काय आहे? ते त्याला माहीत नसतं, आणि विचारलंत तर तो दुखावतो. "आता काय का असंना! आधी तं होता ना?"

माझ्या वाट्याला आलेला नमुना भंडारा जिल्ह्यातला आहे. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो, तेव्हापासून मी त्याचे पत्ते ऐकतो आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तो वाचेल, वाचून फोन करील आणि फोनवर आणखी एखादा पत्ता सांगेल. आपण त्याला मास्तर म्हणू. निवृत्तीपर्यंत तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरच होता. विषय कोणता? भूगोल.

मी स्वतः दस्त लिहिण्यात हयात घालवली आहे. मौजा, तहसील, गट क्रमांक, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, एवढं असलं की माझ्या दृष्टीनं पत्ता झाला. अशा माणसाला असा मित्र मिळावा, हा पत्रिकेतला दोष असणार.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. सरकारनं नकाशा बदलला, पुस्तकं बदलली. मास्तरनं फळा बदलला नाही. नवेगावबांधचं तळं आपलं, नागझिऱ्याचे वाघ आपले, असं तो पुढंही शिकवत राहिला. पोरं परीक्षेत गोंदियाला तालुका करून मोकळी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी जाब विचारला, तेव्हा मास्तर अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी तं होता ना?" साहेब मूळचे गोंदियाकडचेच निघाले. त्यांनी चहा घेतला आणि शेऱ्यात 'समाधानकारक' लिहून गेले.

नागपूरला आला की ऑटोवाल्याला सांगणार, "एम्प्रेस मिलचा भोंगा आयकू येते तिथं घे." जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही गिरणी 2002 मध्ये कायमची बंद पडली. ऑटोवाला तेव्हा चड्डीत असेल. त्यानं बिचाऱ्यानं इकडंतिकडं विचारून मास्तरला गिरणीच्या जागेवरच्या मॉलपुढं सोडलं. मास्तरचं म्हणणं असं, की पोहोचलो ना बराबर? भंडाऱ्यातही तेच. "पितळी भांड्यांची ठोकठोक सुरू झाली की समज, आपली गल्ली आली." एके काळी हे शहर पितळेसाठी नावाजलेलं होतं हे खरं आहे. पण ठोकठोक ऐकण्यासाठी कान टवकारून मी भर उन्हात उभा राहिलो, तेव्हा मला ऐकू आला तो फक्त डीजे.

एकदा म्हणाला, "छोट्या गाडीनं ये. पवनी रोडला उतरजो." नागपूर-नागभीड ही अरुंद मार्गावरची गाडी रूळ रुंद करायचे म्हणून 2019 मध्येच बंद झाली होती. मी तसं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, "आधी तं होती ना?" तसं पाहिलं तर रेल्वेसुद्धा मास्तरच्याच गोत्रातली आहे. भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तुमसर रोड तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. त्या काळी रूळ टाकणाऱ्यांनी पत्ता मास्तरच्या एखाद्या पूर्वजालाच विचारला असावा.

कळस झाला तो आंभोऱ्याचा. वैनगंगा, कन्हान आणि इतर नद्यांच्या संगमावर हे देवस्थान आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये विवेकसिंधु लिहिला तो इथंच, असं या बाजूचे लोक मानतात. मराठवाडा अंबेजोगाईचं नाव घेतो. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, मास्तरचा केव्हाच मिटला आहे. त्यानं मला एका नातलगाच्या शेताचा पत्ता सांगितला तो असा: "मुकुंदराज लिवत बसले होते ना, तिथून सरळ पाय. बांधावर मोहाचं झाड होतं." म्हणजे पहिली खूण बाराव्या शतकातली आणि दुसरी तोडलेली.

तर या माणसाचा भाऊबीजेच्या रात्री फोन आला. "गावात मंडई आहे. येजो."

झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, जिलेबीची दुकानं, पाळणे; रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. पोरीबाळी माहेरी आलेल्या असतात, धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, पुंजणे लागलेले असतात. जाण्यासारखंच होतं. पण त्याच्या आवाजात मंडईपलीकडचं काहीतरी होतं. "येतांना पेन आनजो चांगला," असंही तो म्हणाला. मंडईला पेन कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं पेनचं दुकान आधी कुठं होतं ते सांगितलं असतं.

सकाळी गणेशपेठच्या स्थानकावर भंडाऱ्याची बस धरली. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट, पासष्टच्या वरच्यांना अर्धं, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. मला पासष्टला काही महिने कमी. सगळ्या बसचा खर्च माझ्याच खिशातून चालला आहे, अशा नजरेनं कंडक्टरनं मला पूर्ण तिकीट दिलं. शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. ते फुकट प्रवासाचा आनंद डोळे मिटून घेत होते.

पारडी ओलांडली आणि फोन वाजला.

"कुठं आला बे?"

सांगितलं. मौद्याजवळ पुन्हा वाजला.

"मौदा ना? खिडकीतून पाय. काय दिसते?"

"वीज केंद्राच्या चिमण्या."

"चिमण्या सोड. त्याच्या आधी काय होतं ते पाय."

हे वाक्य मी नंतर दस्तलेखकांच्या बैठकीत सांगितलं, तर कोणी हसलं नाही. सगळ्यांकडं एकेक मास्तर होता.

शहापूरच्या अलीकडं त्यानं मला एक वळण दाखवायला घेतलं. फोन स्पीकरवर होता, कारण बसच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. "तिथं चिंचेचा मोठा झाड होता. 1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक बाबासाहेब लढले ना, तवा लोकं त्या चिंचेखाली बसून सभेची वाट पायत होते. मायाच बापानं सांगितलं मले."

शेजारच्या आजोबांनी डोळे उघडले. "चिंच नव्हती ते," आजोबा म्हणाले. "कवठ होती."

"कोन बोलते?" फोनमधून आवाज आला.

आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यानंतर भंडारा येईपर्यंत मला माझ्याच फोनवर काही काम उरलं नाही. चिंच की कवठ, रस्त्याच्या कोणत्या अंगाला, तिच्याखालचा चहावाला कोणत्या गावचा, त्याच्या म्हशीचं शिंग कोणत्या बाजूचं मोडलं होतं, अशी ती सुनावणी चालली. मागच्या बाकावरच्या बाईंनी साक्ष दिली, की झाड दोन होते. रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोन्ही गेली असणार, पण दोघांनीही तो मुद्दा क्षुल्लक मानला. महामार्ग 6 चा 53 कधी झाला याचाही त्यांना पत्ता नव्हता. उतरताना आजोबांनी फोन परत दिला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा दोस्त हुशार आहे. पन झाडाचं त्याले समजत नाई."

आंभोऱ्याला आता वैनगंगेवर तारांचा झुलता दिसणारा नवा पूल झाला आहे. नागपूर जिल्ह्यातून थेट पलीकडं उतरता येतं. लोक त्यावर फोटो काढायला जातात. त्या बाजूनं यावं, असं मला मास्तरनं कधीही सुचवलं नाही. तो पूल त्याच्या भूगोलात अजून आलेलाच नाही. त्याच्या नकाशात एखादी गोष्ट यायची, तर तिला आधी मोडावं लागतं. पूल पडला, की मास्तर तो सगळ्यांना सांगत सुटेल.

भंडाऱ्याहून दुसरी बस. कारध्याच्या पुलावर फोन आलाच.

"आता नदीत पाय. डांगरवाड्या दिसतीन."

खाली काठोकाठ पाणी होतं. एवढ्या पाण्यात टरबुजाचे वेल कुठून दिसणार? पूर्वी पाणी ओसरलं की या पात्रात रेती उघडी पडायची, हे मलाही आठवत होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागं सरकत इथवर आलं, तशी नदी बारमाही तुडुंब दिसते. मी म्हणालो, "पाणी आहे रे सगळीकडं."

"त्याच्या खालतं."

पहेल्याच्या पुढं फाट्यावर उतरलो. इथली खूण पुन्हा चिंच. "चिंच होती तिथून डावीकडं," एवढाच पत्ता. फाट्यावर झाड सोडा, झुडूपही नव्हतं. एक पानठेला होता. मी तोंड उघडायच्या आतच ठेलेवाला म्हणाला, "मास्तरांकडं? मंग चिंच पायत असान. हे इथंच होती म्हनते, मी काई पायली नाई. डावीकडं जा." मग सुपारी कातरता कातरता म्हणाला, "एक दिवस ठेल्यावर मोठ्या अक्षरात चिंच असंच लिवून टाकतो. माया धंद्याचं अर्धं बोलनं वाचन."

आणि गाव आलं.

आता या गावात पत्ता चुकणं कायद्यानंच अशक्य आहे. सरळ रस्ते, काटकोनात चौक, प्रत्येक घराच्या भिंतीवर क्रमांक. हे पुनर्वसन झालेलं गावठाण. जमीन आखून, फीत लावून, भूखंड पाडून वसवलेलं. कागदावर अठरा नागरी सुविधा. माझ्यासारख्या दस्तलेखकाला तर इथं स्वर्गात आल्यासारखं वाटावं. चौकात पोरं क्रिकेट खेळत होती. विचारलं, "मास्तरांचं घर कुठं?"

"नंबर किती?"

"नंबर माहीत नाही."

पोरगं माझ्याकडं दयेनं बघत म्हणालं, "मंग कसे भेटतीन?"

मास्तरनं मला आजतागायत भूखंडाचा क्रमांक सांगितलेला नाही. मी उभा आहे तोवर तोच समोरून आला, पायजमा खोचलेला, हातात पिशवी. मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलला, "सापडलं ना बराबर?"

वहिनी दारातच होत्या. "भाऊजी, यायले सांगा काई. गॅसवाल्याले फोनवर पत्ता सांगतलान, जुन्या गावातल्या पाटलाच्या वाड्यामागं रायत होते त्यायच्या आता समोर. चार रोज झाले, सिलिंडर फिरूनच रायला."

हा मामला समजून घ्यावा लागतो. भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. त्यामुळे जुना शेजार उडाला तो कुठल्या कुठं. विहिरीकाठचे आखाड्याजवळ, वरच्या आळीचे खालच्या चौकात. मास्तर मात्र नव्या गावाचं वर्णन जुन्या गावावरूनच करतो. पत्ता ऐकणाऱ्याला आधी बुडालेलं गाव पाठ हवं, मग चिठ्ठ्यांचा निकाल पाठ हवा, तेव्हा कुठं मास्तरचं दार दिसतं. गावातली म्हातारी माणसं हे हिशेब उभ्या उभ्या करतात. गॅसवाला तिशीतला.

गोसीखुर्दचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज 372 कोटींचा. पुढं तो हजारो कोटींवर गेला. 33 दरवाजांचं धरण उभं राहिलं, राष्ट्रीय प्रकल्पाचा मान मिळाला. कालवे, उपकालवे, पाटचऱ्या यांची कामं मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिली. मास्तर ऐन जवानीत होता तेव्हा प्रकल्प अपूर्ण होता. तो निवृत्त झाला तेव्हाही अपूर्णच होता. मधल्या काळात गाव तेवढं वेळेवर बुडालं.

जेवायला चिन्नोरचा भात होता. एका घरात रांधला की शेजारच्या घराला भूक लागते असा. सोबत वांग्याची भाजी, तळलेली मासोळी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. जेवताना मास्तर गप्प होता, कारण तो एका वेळी एकच काम मन लावून करतो. हात धुतल्यावर म्हणाला, "चाल, गाव दाखवतो."

"हे काय, बघितलं की."

"हे नाई बे. गाव."

पाण्याच्या काठाशी एक ढिवर डोंगा घेऊन थांबला होता. हाही मास्तरचा शाळासोबती. मंडईचा ढोल मागं ऐकू येत होता. आम्ही पाण्यात शिरलो. वीस-पंचवीस वल्ही मारून झाली असतील, मास्तर म्हणाला, "डाव्या अंगानं घे बे. विहीर आहे."

ढिवरानं एक शब्द न बोलता डोंगा डावीकडून घेतला.

खाली किती पाणी होतं कुणास ठाऊक. विहिरीचा डोंग्याला काय धोका होता? पण दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भरल्या विहिरीवरून कोणी जात नाही. पुढं मास्तर बसल्या जागेवरून हात दाखवत गेला. हा आखर. हे मारुतीचं देऊळ. मारुती आता वरतं नेला, चौथरा इथंच आहे. ही शारा. इथं वळलं की कोतवालाचं घर, त्याच्या कुत्र्यापासून जपून. सपाट पाण्यावर तो एकदाही अडखळला नाही. उजवं म्हणाला की ढिवर उजवीकडं घ्यायचा. एकदा मात्र जुंपली. ढिवराचं म्हणणं, चिंच शाळेच्या मागं होती. मास्तरचं म्हणणं, पुढं. डोंगा मधोमध थांबवून दोघं भांडले. शेवटी ढिवर म्हणाला, "मास्तर, मीच तं पडलो होतो तिच्यावरून." मास्तरनं जरा विचार केला आणि चिंच दहा हात मागं सरकवली.

पाण्याला एक उग्र वास होता. जलपर्णी तरंगत होती. मी नाक आक्रसलं तसा मास्तर हसला. "तुमच्याच नागपूरचं आहे. नाग नदी कन्हानीत, कन्हान वैनगंगेत, आन वैनगंगा आमच्या सैपाकघरात. तुई आंघोळ आमच्या चुलीवर येते बे."

आता नाइलाजानं एक गोष्ट लिहितो. आमचं महालातलं घर पाडलं त्याला बरीच वर्षं झाली. तिथं इमारत उभी आहे, तिचं नावही मला नीट आठवत नाही. डोंग्यात बसल्या बसल्या मास्तर म्हणाला, "तुमच्या जिन्याची तिसरी पायरी हालत होती. रातच्याला आलो की मी ते सोडून चढत होतो, तुया बाप जागा होईन मनून." ती पायरी मी साफ विसरलो होतो. आम्ही भावंडांनी त्या घराचे पैसे वाटून घेतले, दस्त मीच लिहिला, चतुःसीमा मीच घातल्या; त्यात पायरी नव्हती. वडील गेले तेव्हा आम्ही नव्या पत्त्यावर राहायला जाऊन फार दिवस झाले नव्हते. नातेवाईक चौकात गोल गोल फिरत फोन करत होते. मास्तर मात्र त्यांच्या आधी पहाटेच दारात होता. कसा सापडला पत्ता, असं विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता विचारायची हिंमत नाही, तो सांगत बसेल.

संध्याकाळी पेनचा उलगडा झाला. जुन्या घराच्या मोबदल्याचा काही भाग अजून अडला होता, आणि एका कार्यालयातून त्याचा अर्ज शेऱ्यासह परत आला होता: 'मिळकतीच्या चतुःसीमा सुस्पष्ट नमूद कराव्यात.' कार्यालयाचं नाव घेत नाही. मास्तरनं मूळ अर्जात काय लिहिलं असेल, याची मला कल्पना होती, आणि त्या कारकुनाबद्दल मनात थोडी सहानुभूतीही होती. तोही बिचारा बहुतेक तिशीतलाच.

कंदिलाच्या जागी आता एलईडी, पण बैठक तीच. मी कोरा अर्ज पुढं ओढला. मास्तर मांडी घालून बसला आणि सांगू लागला. पूर्वेस कोतवालाचं घर. पश्चिमेस आखर. उत्तरेस सार्वजनिक विहीर. दक्षिणेस रस्ता व त्यापलीकडे चिंच. लांबी-रुंदी हातात सांगितली, मी फुटात केली. एक शब्द बदलावा लागला नाही. असा तयार मजकूर शहरातल्या वकिलांकडूनही येत नाही. बाहेर नाटकाची तिसरी घंटा झाली, वहिनी दोनदा बोलावून गेल्या.

शेवटचा रकाना होता 'मिळकतीची सद्यःस्थिती'. मी आपला सवयीनं 'पाण्याखाली' असं लिहायला घेतलं.

"थांब बे," मास्तर म्हणाला. "पान्याखाली काहून? घर जागेवरच आहे. त्याच्या वरतं पानी आलं. तसं लिव."

"रकान्यात मावणार नाही."

"मंग पुरवनी जोड."

जोडली. पान एक ते तीन.